पट्टा विसरलेले मिस्त्री

आमच्या मिस्त्रींना कोणी "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारलं तर ते लगेच उत्तर देत नसत. आधी थोडं थांबत, स्वतःच्याच अंगातून कुठून खडखड येते का ते ऐकल्यासारखं करत, आणि मग म्हणत, "सध्या बरं हाय." हा 'सध्या' त्यांनी जन्मात सोडला नाही. आमच्या फॅक्टरीत कापूस तोलणाऱ्या मापाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांना नवरदेवाबद्दल विचारलं, तर त्यांनी पोराला वरपासून खालपर्यंत पाहून सांगितलं, "सध्या तर बरा दिसते." मुलीच्या आईनं त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला.

मंगरूळपीरच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी कारकून होतो. तिला आमच्याकडे नुसतं 'जीन' म्हणतात. मिस्त्री तिथलं इंजिन सांभाळत. त्यांचे वडील घोड्यांना नाल ठोकायचे. मिस्त्री घोड्यांवरून वाफेच्या इंजिनावर आले आणि तिथून फॅक्टरीच्या मालकांच्या, म्हणजे आमच्या शेठच्या, मोटारीवर. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगात खाकी कोट, त्याचे चारही खिसे तारा, खिळे, सुतळी आणि साबणाच्या वड्यांनी फुगलेले. साबण अंघोळीचा नव्हता. पेट्रोलची टाकी गळायला लागली तर भोकात चोळायला होता.

इंजिनाच्या शिट्टीनं त्यांचा एक कान कधीच गेला होता. म्हणून ते दातांनी ऐकत. बाभळीची एक गुळगुळीत काडी होती, तिचं एक टोक दातात धरायचे, दुसरं इंजिनाच्या अंगाला टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोलायची कोणाची हिंमत नसे. काडी काढून ते काय सांगतील याची सगळ्यांना धास्तीच असे.

कारण ते नेहमी काहीतरी वाईटच सांगत. शेलूबाजारच्या बाजारात चालता चालता अनोळखी माणसाला थांबवून म्हणत, "भाऊ, तुह्या बंडीची कुणी सैल हाय." कुणी म्हणजे बैलगाडीचं चाक निसटू नये म्हणून आसात ठोकलेली खीळ. तो बिचारा बैल सोडून, वाकून पाहायचा. कधी खरंच सैल असायची, पुष्कळदा नसायची. एका वर्षी भर हंगामात, कापसाच्या बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना, त्यांनी इंजिन बंद केलं. "वास येऊन राह्यला," एवढंच बोलले. अर्धा दिवस सगळं खोलून बसले. कास्तकार शिव्या घालत होते, शेठ चपला घासत फेऱ्या मारत होते. काही निघालं नाही. शेठनं विचारलं, "आता?" मिस्त्री हात पुसत म्हणाले, "काई नाई निघालं, हे बेसच झालं नं, शेठजी."

त्यांचं म्हणणं खरं होतं, पण अशा माणसाबरोबर राहणं सोपं नसतं. जो रोज लांडगा आला म्हणतो, त्याला लोक हसतात. मिस्त्रींना सगळं गाव हसायचं, मीही हसायचो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनएक वर्षं आधीची गोष्ट. शेठच्या आईला, आम्ही सगळे त्यांना बडी अम्मा म्हणायचो, बगदादच्या दर्ग्याला जियारतीला, म्हणजे दर्शनाला, जायचं होतं. नवस जुना होता. शेठ म्हणाले, मुंबईहून बोटीनं नेतो. पण अम्माची थोरली बहीण हजला जाताना बोटीवर वारली होती आणि तिला समुद्रात सोडावं लागलं होतं. अम्मांनी एकच वाक्य धरून ठेवलं होतं, "मेरेकू पानीपर नक्को लेके जाओ. मिट्टी होएंगी तो मिट्टीमेंच होएंगी." शेठचा आईवर फार जीव. त्यांनी नकाशे मागवले, चारजणांना विचारलं आणि ठरवलं की जमिनीवरूनच जायचं. क्वेट्ट्याच्या पलीकडे सरहद्दीपर्यंत आपलाच मुलूख, पुढं इराण, त्यापुढं इराक. होळी झाली की जीन बंद पडतं, तेव्हा निघायचं.

मोटार मोठी होती, वर कापडी छप्पर असलेली, एका साहेबाकडून घेतलेली. ती चालवायला आणि सांभाळायला मिस्त्री. कागदपत्रं, परवाने, इंग्रजी बोलणं यासाठी मी. माझं वय तेवीस. वाशीमच्या पलीकडे मी अकोला आणि नागपूर, एवढंच पाहिलेलं. मी नवा कोट शिवला, पत्र्याची एक ट्रंक घेतली, तिच्यात तो कोट, दोन धोतरजोड्या, इस्त्रीचे सदरे आणि काही पुस्तकं भरली. परदेशात आपण नीटनेटकं दिसलं पाहिजे असं मला फार वाटत होतं.

मिस्त्रींनी दोन पोती आणली. एकात हत्यारं. दुसऱ्यात काय होतं ते विचारू नका. जुने नटबोल्ट, पत्र्याचे तुकडे, फाटक्या ट्यूबा, बाटल्यांची बुचं, जिनाच्या इंजिनाच्या जुन्या चामडी पट्ट्याचा हातभर तुकडा. शेठ म्हणाले, "मिस्त्री, कबाडखाना घेऊन कायले चालले?"

"रस्त्यात कोनाचं घर हाय का आपलं, शेठजी?" मिस्त्री म्हणाले.

क्वेट्ट्यापर्यंत पोहोचायला आम्हाला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत मिस्त्रींनी चारदा गाडी थांबवून इंजिन खोललं. चारही वेळा काही नव्हतं. अम्मा छपराच्या सावलीत तस्बी, म्हणजे जपाची माळ, फिरवत बसायच्या, शेठ घड्याळ पाहायचे आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर चुकवायचो. एकदा मात्र बोलन घाटात रेडिएटर खरंच गळायला लागला. मिस्त्रींनी अम्माच्या डब्यातली मूठभर हळद मागून घेतली आणि पाण्यात टाकली. गळती थांबली. पुढं दोन दिवस आमच्या गाडीतून पिवळी वाफ निघत होती आणि चौकीवरचा शिपाई ती पाहून दोन पावलं मागं सरला होता. त्या दिवशी शेठनं मिस्त्रींची तारीफ केली. मिस्त्री म्हणाले, "सध्या थांबलं हाय."

क्वेट्टा तेव्हा भूकंपातून उठत होतं. निम्मं शहर तंबूंत आणि पत्र्यांच्या खोल्यांत राहत होतं. आम्ही एका सरायीत उतरलो. पुढचा रस्ता कोरडा, म्हणून पाण्याचे आणि पेट्रोलचे जास्तीचे डबे घ्यायचे होते. अम्माला खोकला झाला होता, त्यांचं अंथरूण मागच्या बाकावर पसरायचं होतं. शेठ मला म्हणाले, "बाबू, सामान कमी कर. जे लागत नाई ते सरायवाल्यापाशी ठेव. येताना घेऊन जाऊ."

मिस्त्री तेव्हा गाडीखाली कमानींना ग्रीस लावत होते. मी सामानापुढं उभा राहिलो. कमी करण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, माझी ट्रंक आणि मिस्त्रींचं दुसरं पोतं. मी फार वेळ विचार केला असंही नाही. पोतं उचललं, सरायीच्या चौकीदाराकडे दिलं आणि ट्रंक दोरीनं पक्की बांधली. मिस्त्रींना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही.

गाव सुटलं आणि पहिल्याच तासात मला त्याची भीती वाटायला लागली. पोतं तळाशी असायचं, वर अंथरुणं आणि डबे. रोज लागणारी हत्यारं वेगळ्या पोत्यात होती, त्यामुळे मिस्त्रींना काही कळलं नाही. पण त्यांनी सामानाकडे नुसतं पाहिलं तरी मी काहीतरी निमित्त काढून त्यांना दुसरीकडे बोलवायचो. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करता करता नुश्की गेलं, दालबंदीन गेलं, सरहद्द ओलांडून आम्ही इराणात जाहिदानला पोहोचलो. जितकं पुढं जावं तितकं सांगणं अवघड होत गेलं.

जाहिदान सोडण्याच्या सकाळी मिस्त्रींनी गाडी चालू केली, काडी दातात धरली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग इंजिन बंद करून शेठपुढं आले.

"शेठजी, चौथ्या रॉडचं बेरिंग वाजून राह्यलं. खालचं तेलाचं चेंबर खोलाव लागते. एक दिवस द्या मले."

शेठच्या तोंडावरचा कंटाळा लपत नव्हता. अम्मा रात्रभर खोकल्या होत्या. पुढं बम नावाचं गाव होतं, तिथं डॉक्टर आहे असं कळलं होतं, आणि मध्ये दोनशे मैल नुसती रेती. "मिस्त्री, चारदा खोललं तुमी. चारी वक्त काय निघालं?"

"काई नाई निघालं."

"मंग?"

"ह्या वक्ती वाजून राह्यलं."

शेठ माझ्याकडे वळले. "बाबू, तुले ऐकू येते का काही?"

मिस्त्रींनी पुन्हा गाडी चालू केली. मी बॉनेटजवळ जाऊन वाकलो. आणि मला ऐकू आलं. बारीक, पण ठरावीक, टक्, टक्, टक्. घरात कोणीतरी दूरच्या खोलीत सुपारी कातरावी तसं. मी ते ऐकलं आणि त्याच क्षणी मनात आलं की आता इंजिन खोललं तर मिस्त्री सगळं सामान खाली काढतील आणि पोतं मागतील.

"नाही," मी म्हणालो. "मला तर काही ऐकू येत नाही."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आपल्या चांगल्या कानाला त्यांनी एक बोट लावलं, थोडं चोळलं, आणि म्हणाले, "असंन बावा. माह्याच कानाचा भरोसा नाई." आणि स्टीअरिंगवर जाऊन बसले.

दुपारच्या सुमाराला, आम्ही निम्म्याच्या जवळ आलो असू, एका लांब चढावर तो आवाज सुपारीचा राहिला नाही. ऐरणीवर घण पडावा तसा झाला. मिस्त्रींनी ताबडतोब इंजिन बंद केलं. गाडी थोडी मागं सरकली आणि थांबली. दोन्ही बाजूंनी सपाट, राखाडी जमीन, दूर कोरडे डोंगर, वारा सुटला की दात रेतीनं करकरायचे. सकाळपासून आम्हाला एकही वाहन भेटलं नव्हतं.

मिस्त्री खाली उतरले. ते घाबरतील, बडबडतील, मी सांगितलं होतं म्हणतील, असं मला वाटलं होतं. आयुष्यभर सैल कुणी शोधत फिरलेला हा माणूस त्या रेतीत इतका शांत होता की मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी चादर अंथरली, हत्यारं ओळीनं मांडली आणि म्हणाले, "चेंबरातलं तेल धरायले भांडं लागते. साफ पाह्यजे. त्यात रेती गेली तर सारं गेलं."

आमच्याकडे तसं भांडं नव्हतं. डब्यांत पाणी होतं आणि पाणी ओतून देणं शक्य नव्हतं. तेव्हा अम्मा मागच्या बाकावर उठून बसल्या आणि त्यांनी आपल्या गाठोड्यातून तांब्याची डेगची काढली. बगदादला पोहोचल्यावर नियाज, म्हणजे दर्ग्याचा प्रसाद, शिजवायला त्यांनी ती घरून नवी कल्हई करून आणली होती, वाटेत तिच्यात कोणाला पाणीही तापवू दिलं नव्हतं. "ले बेटा," त्या मिस्त्रींना म्हणाल्या. मिस्त्रींचे हात मागं सरले. अम्मांनी डेगची त्यांच्या हातात कोंबली. "पहुंचेंगे तोच पकाऊंगी नं मैं?"

तेल डेगचीत काढलं. चेंबर उतरलं. मिस्त्री गाडीखाली उताणे पडून होते आणि मी त्यांच्या बाजूला गुडघ्यांवर. बेरिंगचा पांढरा धातू वितळून चुरा होऊन चेंबरच्या तळाशी बसला होता. त्यांनी चिमटीत घेऊन मला दाखवलं. मग म्हणाले, "काई हरकत नाई. जिनात मी असं एकदा चालवलं हाय. चामडं तेलात भिजवून गुंडाळाव, अन् हळू हळू न्याव. माह्या दुसऱ्या पोत्यात पट्टा हाय, थो काढ."

मी हत्यारांच्या ओळीतला एक पाना उगाच सरळ केला.

"बाबू. पट्टा."

"मिस्त्री," मी म्हणालो. "पोतं नाही. मी क्वेट्ट्याला ठेवलं. ट्रंकेला जागा पाहिजे होती."

मला त्यांचे पायच दिसत होते. इतक्यात शेठ पलीकडून आले, वाकून म्हणाले, "काय झालं मिस्त्री? कायचा पट्टा?"

"जिनाचा पट्टा पाह्यजे होता शेठजी, बेरिंगले," गाडीखालून आवाज आला. "घरीच इसरलो."

शेठ सरळ झाले. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्यांच्या तोंडून निघालं. बुचं आणली, फाटक्या ट्यूबा आणल्या, साऱ्या दुनियेचं कबाड आणलं आणि जे लागतं तेच विसरले. माझी आई मागं खोकून राहिली आणि तुम्ही पट्टा विसरले. मिस्त्री खालून "होय जी, होय जी" म्हणत होते. मी रेतीत गुडघे टेकून ऐकत होतो. तोंड उघडायचं होतं, उघडलं नाही.

शेठ गेल्यावर मिस्त्री बाहेर सरकले. तोंड काळं झालेलं, दाढीत रेती. मी काही बोलणार तर त्यांनी हात वर केला.

"आता नाई. चार मानसं अन् तीन डबे पानी हाय. भांडनाले थुंकी लागते."

मग ते उभे राहिले आणि आमच्या प्रत्येकाच्या अंगाकडे, पायांकडे, सामानाकडे पाहत गेले, बाजारात बैल निवडावा तसे. माझे नवे बूट हातात घेऊन वाकवून पाहिले, परत दिले. शेठच्या कमरेचा पट्टा पातळ निघाला. शेवटी त्यांची नजर अम्माच्या अंथरुणाच्या होल्डॉलवर गेली. त्याला तीन जाड चामडी पट्टे होते, बकलांसकट. अम्मा न विचारताच अंथरुणावरून बाजूला सरकल्या.

चामडं तेलात भिजायला वेळ लागतो. ती रात्र आम्ही तिथंच काढली, आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, अम्माच्या खोकल्याखेरीज. सकाळी मिस्त्रींनी वस्तऱ्यानं पट्टी तासली, क्रँकला गुंडाळली, वरून रॉडची टोपी कसली. चौथ्या सिलिंडरचा प्लग काढून ठेवला, म्हणजे त्या रॉडवर जोर येणार नाही. डेगचीतलं तेल फडक्यातून गाळून परत भरलं. दुपार झाली होती. एक डबा पाणी उरलं होतं, त्यातलंही निम्मं रेडिएटरला द्यावं लागलं. शेठ आणि मी दोघंही त्या धारेकडे पाहत होतो आणि एकमेकांकडे पाहायचं टाळत होतो.

गाडी चालू झाली. टांग्यापेक्षा थोडी कमी, एवढीच चाल. मिस्त्री काडी दातात धरून, तिचं टोक स्टीअरिंगच्या दांड्याला टेकवून चालवत होते. पहिला पट्टा संध्याकाळपर्यंत टिकला. तो जळून चुरा झाला तेव्हा पुन्हा डेगची, पुन्हा चेंबर, पुन्हा सगळं. दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. तिसरा घातला तेव्हा शेठनं विचारलं, "हा गेला तर?" मिस्त्री म्हणाले, "मंग बाबूचे बूट." ते हसले नाहीत, आम्हीही नाही. अम्माची ग्लानी वाढत चालली होती. मी ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ पुसत होतो आणि दर वेळी इंजिनाचा सूर बदलला की माझं फडकं हवेतच थांबायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी मिस्त्रींसारखं ऐकत होतो. प्रत्येक खडा, प्रत्येक करकर, प्रत्येक श्वास.

दुपार टळल्यावर समोर एक काळपट रेघ दिसली. ती खजुराची झाडं होती. बमच्या वेशीवर एका चहाच्या दुकानापुढं मिस्त्रींनी गाडी उभी केली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकलं. अम्मा लहानपणी मौलवीकडून फारसी भाषा शिकल्या होत्या, पण ती पुस्तकी. वाटेत कोणालाच समजली नव्हती. त्या दुकानातल्या एका म्हाताऱ्याला समजली. तो टोपी काढून उभा राहिला आणि त्यानंच डॉक्टरला आणलं. अम्माला उतार पडायला आठ दिवस लागले. तेवढ्यात किरमानहून बेरिंग ओतून आलं.

त्या आठ दिवसांत शेठ एकदा मिस्त्रींजवळ बसले. म्हणाले, "जाहिदानले तुमचं ऐकाले पाह्यजे होतं. चुकलं माह्यं."

मिस्त्री म्हणाले, "तुमी कायच्या भरोशावर ऐकान शेठजी? मी चारदा चुकलो होतो." आणि उठता उठता, "अन् पट्टा म्याच इसरलो."

नंतर मी त्यांना एकटं गाठलं. विचारलं, "असं काहून सांगितलं तुम्ही?" ते चाकाचे बोल्ट आवळत होते. म्हणाले, "शेठ रागात होते. तुले तिथंच उतरवलं असतं त्यायनं. मंग तुह्या मायले मी काय सांगू?" मी म्हणालो, मी शेठना सांगून टाकतो. ते म्हणाले, "सांग नं. मी नाई म्हनतो का?" हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की सांगायचं की नाही ते सगळं माझ्यावर आलं.

मी सांगितलं नाही. बगदादला पोहोचलो, अम्मांनी त्याच डेगचीत नियाज शिजवली, तेव्हाही नाही. परतीच्या वाटेवर क्वेट्ट्यात मिस्त्री मला घेऊन सरायीत गेले. चौकीदारानं पोतं जसंच्या तसं काढून दिलं. मिस्त्रींनी ते खांद्यावर टाकलं, गाडीच्या तळाशी ठेवलं आणि वर माझी ट्रंक चढवली. शेठना कळलंही नाही.

मंगरूळपीरला आम्हाला पाहायला गर्दी लोटली. शेठ खुलून सगळं सांगायचे, रेती, डेगची, होल्डॉलचे पट्टे, आणि प्रत्येक वेळी हसून म्हणायचे, "अन् आमचे मिस्त्री, जिनाचा पट्टाच घरी इसरून आले." लोकांना तेवढंच लक्षात राहिलं. ज्यांना त्यांनी आयुष्यभर सैल कुणी दाखवल्या होत्या, त्यांना आयतं सापडलं. जिनात मिस्त्री इंजिन बंद करा म्हणाले की मापारी ओरडायचा, "मिस्त्री, पट्टा आनला का?" बाजारात पोट्टे मागून म्हणायचे, "बगदादले निघाले अन् पट्टा इसरले." मिस्त्री मान हलवायचे. "इसरलो बावा." आणि मी तिथंच टेबलाशी, वही पुढं घेऊन बसलेला असायचो. दर वेळी वाटायचं, आता उठून बोलावं. दर वेळी कोणीतरी हसायचं आणि ती वेळ टळून जायची. अशी नऊ वर्षं गेली.

मिस्त्री तापानं वारले तेव्हा मी कामासाठी अकोल्याला होतो. मातीला पोहोचू शकलो नाही. चार दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको ओसरीवर धान्य निवडत बसली होती. मी खाली बसलो. इकडचं तिकडचं काही बोलता आलं नाही. मी म्हणालो, "भाभी, एक सांगायचं राहिलं होतं. मिस्त्री पट्टा विसरले नव्हते."

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "मले मालूम हाय बाबू. थो पट्टा म्याच पोत्यात टाकला होता. अन् पोतं वापस आलं तवा म्याच काढला."

"मग तुम्ही कोणाला..."

"मी पुसलं त्यायले. म्हटलं, सारं गाव हासून राह्यलं, काहून ऐकून घेता? तर म्हने, बाबू लय भेला होता. भेलेल्या मानसाले अजून काय भेव दाखवाव." त्या पुन्हा सुपाकडे वळल्या.

मी तिथून उठलो तो सरळ जिनात गेलो. हंगाम होता, आवारात पंधरावीस माणसं होती, मापारीही होता. शेठ नव्हते, त्यांना मी नंतर सांगितलं. मी उभा राहून सगळं सांगितलं. पोतं, ट्रंक, जाहिदानला मला ऐकू आलेला तो आवाज आणि मी म्हटलेलं 'नाही'. बोलून झाल्यावर कोणी हसलं नाही. मापारी उठून माझ्याजवळ आला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे ओले होते.

"बाबू," तो म्हणाला, "मेलेल्या मानसाची लाज राखाले तुमी सोताच्या अंगावर घेऊन राह्यले. लय मोठं मन हाय तुमचं."

मी पुन्हा सांगितलं, सुरुवातीपासून, शपथ घेऊन. तो मान हलवत ऐकत राहिला आणि बाकीचे एकेक करून कामाला लागले.